घर पाहावें सुधारून

"लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून" ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. ज्यानें ती प्रथम म्हटली त्याच्या काळीं घर एकदां उभें राहिलें म्हणजे तीन पिढ्या त्यांत नांदत. पावसाळ्यापूर्वीं शाकारणी करावी, दिवाळीपूर्वीं भिंतींना हात फिरवावा, इतकेंच काय तें काम. आतां बांधलेलें घर विकत घ्यावयाचें व मग तें आपल्या सोयीप्रमाणें सुधारावयाचें, असा प्रघात पडला आहे. त्यामुळें या म्हणीला तिसरें एक कलम जोडावें असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. घर बांधणाऱ्याला आपण काय उभें करीत आहों हें निदान ठाऊक असतें. सुधारणाऱ्याला आपण काय पाडीत आहों हें ठाऊक असतेंच असें नाहीं.

आमचे चिरंजीव गेलीं कांहीं वर्षें सहकुटुंब इंग्लंडांत रेडिंग या गांवीं असतात. त्यांचें घर सव्वाशें वर्षांचें, लाल विटांचें, आणि शेजारच्या घराशीं खांद्याला खांदा लावून उभें असलेलें असें आहे; मधली भिंत दोघांची एकच. या सामाईक भिंतीच्या माथ्यावर, छपराच्या बाहेर, विटांचा एक रुंद मनोरा निघालेला आहे व त्यावर भाजलेल्या मातीचीं आठ नळकांडीं ओळीनें बसविलेलीं आहेत. पहिल्या खेपेस मी गेलें तेव्हां कुंभारानें आपली भट्टी छपरावर मांडली आहे कीं काय, असें मला वाटलें. आठ कां, तर दोन्ही घरांत मिळून आठ खोल्यांना एकेक कोळशाची शेगडी, आणि प्रत्येक शेगडीला धुराची आपली स्वतंत्र वाट. एकीचा धूर दुसरीच्या वाटेंत जाऊं द्यावयाचा नाहीं, हा तिकडील जुन्या गवंड्यांचा नेम. म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विटांच्या त्या जाड खांबाच्या पोटांत या नळ्या एकमेकींना चिकटून, थोड्या वळणें घेत, वर जातात. दोन नळ्यांच्या मध्यें काय तो अर्ध्या विटेचा, म्हणजे सुमारें साडेचार इंचांचा पडदा.

माझें लहानपण वाईला एका जुन्या वाड्यांत गेलें. आमच्या स्वयंपाकघरांतही धुराडें होतें; पण तें म्हणजे आढ्याजवळ कौलांत ठेवलेली एक फट. चुलीचा धूर आधीं घरभर हिंडे, आजीच्या डोळ्यांतून पाणी काढी, वासे काळे कुळकुळीत करी, आणि मग सावकाश बाहेर पडे. या धुरानें लांकडाला कीड लागत नाहीं असें वडील माणसें म्हणत व आजीच्या डोळ्यांचें समाधान त्यावरच करीत. या पद्धतीचें गुणगान करावें असें तींत कांहीं नाहीं. पण एक गोष्ट खरी : आमच्या धुराड्याला कांहीं झालें कीं तें साऱ्या घराला त्याच क्षणीं कळे, कारण धूर दिसे. इंग्रजांचें धुराडें भिंतीच्या पोटांत असतें. तें फुटलें, बुजलें किंवा दुसऱ्याच्या नळीशीं एक झालें, तरी वरून भिंत रंगविलेली व शांत.

शिवाय हीं धुराडीं हल्लीं मेलेलीं समजलीं जातात, आणि त्यालाही इतिहास आहे. १९५२ सालच्या डिसेंबरांत कोळशाच्या धुरानें भरलेलें दाट धुकें लंडनवर पांच दिवस बसून राहिलें. त्यांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. मग १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६७ नंतरच्या दहा वर्षांत उत्तर समुद्रांतील नैसर्गिक वायु घरोघर पोंचला आणि कोळशाच्या शेगड्या एकामागून एक थंड झाल्या. त्यापूर्वींचा इतिहास याहून काळा आहे. या अरुंद नळ्यांतून लहान मुलांना वर चढवून काजळी खरवडून घेत असत. जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा असा एक मुलगा केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाच्या धुराड्यांत अडकून १८७५ सालीं मेला, तेव्हां कोठें त्याच वर्षीं या चालीला खरा आळा घालणारा कायदा पार्लमेंटनें केला. इतकें पाहिलेल्या या नळ्या आतां रिकाम्या आहेत असें मानून लोक त्यांच्याकडे केवळ अडचण म्हणून पाहतात. परंतु सगळ्याच कांहीं रिकाम्या नाहींत. कित्येक घरांतून, विशेषतः वृद्ध माणसांच्या, जुन्या शेगडीच्या जागीं गॅसची शेगडी बसविलेली आहे, आणि ती आपला जळका वायु त्याच नळीनें वर सोडते. आमच्या शेजारच्या बाईंचें असेंच होतें.

गेल्या सालीं आमच्या नातवासाठीं माडीवरची लहान खोली तयार करावयाचें ठरलें. खोली आधींच अरुंद, त्यांत हा विटांचा खांब भिंतींतून दीड फूट पुढें आलेला. कपाट कोठें ठेवावें हा प्रश्न पडला. कंत्राटदार आला. त्यानें खांबावर दोन थापा मारल्या, आणि "हें निर्जीव आहे, काढून टाकूं, पंधरा चौरस फूट जागा मोकळी होईल," असें सांगितलें. माणूस गोड बोलणारा होता. परवानग्या वगैरे काय लागतील त्या आपण पाहूं, असें त्यानें लिहूनही दिलें. आम्ही उभयतां ऑक्टोबरच्या अखेरीस तेथें पोंचलों तों काम आटोपलेलें, भिंत गुळगुळीत, वर फिकट निळा रंग. सूनबाईंनीं पाळणा नेऊन ठेवला होता. आणि कपाटाच्या वर, कोणी न सांगतां, वीसेक पौंड किंमतीचें एक पांढरें यंत्र त्यांनीं ठेवलें होतें. हवेंत कार्बन मोनॉक्साइड वाढला कीं हें यंत्र ओरडतें. भाड्याच्या घरांतून, जेथें जळणाची शेगडी वा भट्टी असेल त्या खोलींत, असें यंत्र ठेवणें इंग्लंडांत १ ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकांना सक्तीचें आहे. स्वतःच्या घरांत राहणाराला सक्ती नाहीं. चिरंजीव त्यांना हंसले होते असें मागाहून कळलें.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत थंडी एकाएकीं वाढली. त्या रात्रीं साडेनवाच्या सुमारास यंत्र ओरडूं लागलें. आमच्या घरांत त्या वेळीं कोठेंही कांहीं जळत नव्हतें. स्वयंपाकघर तासापूर्वीं आवरलें होतें. चिरंजीव म्हणाले, "यंत्रच बिघडलें असेल, आई." सूनबाईंनीं त्यांचें बोलणें पुरें होऊं दिलें नाहीं; मूल उचलून त्या दाराबाहेर पडल्या व आम्हांलाही बाहेर बोलावलें. थंडींत रस्त्यावर उभे असतां यजमानांची नजर वर गेली आणि त्यांनीं विचारलें, "शेजारच्या बाईंच्या खोलींत दिवा दिसतो, पण शेगडी पेटली आहे का?" चिरंजीवांनीं जाऊन दार ठोठावलें. बाई पुष्कळ वेळानें आल्या. दोन दिवस डोकें दुखतें आहे, मळमळतें आहे, वयाचा परिणाम असावा, असें त्या म्हणाल्या. त्या दोन दिवसांपूर्वींच त्यांनीं हिंवाळ्यांतली पहिली शेगडी पेटविली होती.

येथें थोडा खुलासा करणें अवश्य आहे, कारण आपल्याकडेही याविषयीं घोटाळा आहे. गॅस गळला तर वास येतो, म्हणून आपण निर्धास्त असतों. तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण गॅस नीट न जळल्यामुळें जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्याला प्राणवायु चिकटावयाचा त्याला हा प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि माणूस हवा घेत असतांना आंतल्या आंत गुदमरतें. प्रारंभींचीं लक्षणें डोकेंदुखी, मळमळ व गुंगी, म्हणजे सर्दीपडशाचींच. पुण्यामुंबईकडे खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरांत गॅसच्या गीझरनें जीं माणसें मरतात तीं बहुधा यानेंच. घर सजविणारे लोक जेव्हां न्हाणीघराचा झरोका आरसा बसविण्यासाठीं बुजवितात, तेव्हां तेही रेडिंगच्या कंत्राटदाराचेंच काम करीत असतात. (ओट्यावरच्या धूर ओढणाऱ्या विजेच्या यंत्राला हल्लीं आपल्याकडे 'चिमणी' म्हणतात. तिची नळी बाहेर न काढतां माळ्यावरच सोडून दिलेलीं दोन घरें मीं स्वतः पाहिलीं आहेत.)

गॅस कंपनीचा माणूस त्या रात्रींच आला. त्यानें बाईंची शेगडी बंद करून तिच्यावर वापरूं नये अशी चिठ्ठी चिकटविली. बाईंना रुग्णालयांत नेलें. एक रात्र प्राणवायु देऊन दुसऱ्या दिवशीं घरीं पाठविलें. काय झालें होतें तें उजाडल्यावर उलगडलें. आमच्या खोलींतला खांब फोडतांना मधला अर्ध्या विटेचा पडदा फुटला. विटांचा राडारोडा बाईंच्या नळींत खालीं पडून ती निम्म्याहून अधिक बुजली. भोंक पडल्याचें कामगारांना दिसलें नसेल असें मला वाटत नाहीं; त्यांनीं त्यावर प्लास्टरची फळी ठोकली व रंग दिला. वर जाऊं न शकलेला वायु मग कांहीं बाईंच्या खोलींत परतला व कांहीं फळीच्या कडांमधून आमच्या पाळण्यापाशीं आला.

आमचे यजमान पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचें लक्ष मात्र वर लागलें होतें. खोलींतला खांब काढला, पण त्याच्या वरचा, माळ्यावरचा भाग व छपरावरचा मनोरा तर तसाच आहे. मग तो उभा कशावर आहे? चौऱ्याहत्तराव्या वर्षीं शिडी लावून ते माळ्यावर चढले, आणि खालीं आले ते न बोलतां. वरचें सगळें वीटकाम दोन लांकडी तुळयांच्या तुकड्यांवर तोललेलें होतें. एक घनमीटर वीटकामाचें वजन पावणेदोन ते दोन टन भरतें. पोकळी वजा जातांही पाळण्याच्या बरोबर वर दीड टन तरी ओझें टांगलेलें आहे, असा हिशोब त्यांनीं वर्तमानपत्राच्या कडेवर करून दाखविला. कंत्राटदाराच्या हिशोबांत मोकळी झालेली पंधरा चौरस फूट जागा होती. हें ओझें नव्हतें.

पुढें जें केलें तें क्रमानें केलें, आणि त्याचें श्रेय यजमानांच्या सरकारी संवयींना द्यावें लागेल. चिरंजीव संतापानें कंत्राटदाराला दूरध्वनि करावयास निघाले होते. ह्यांनीं त्यांना बसविलें. "आधीं टेकू, मग तोंड," हे म्हणाले. त्याच दिवशीं एका स्वतंत्र बांधकाम-अभियंत्याला बोलावून माळ्यावर लोखंडी टेकू लावविले. मग कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वीं प्रत्येक कोनांतून छायाचित्रें काढलीं. फळी उघडली ती अभियंत्याच्या समक्ष. मग नगरपालिकेच्या बांधकाम-तपासनिसाला कळविलें. असा खांब काढणें हें इमारतीच्या बळकटीचें काम असल्यामुळें त्याला नगरपालिकेची मान्यता लागते, आणि ती कंत्राटदारानें घेतलेलीच नव्हती. आपल्या हातून आपल्याच घराची तक्रार करणें चिरंजीवांना प्रथम विचित्र वाटलें. पण घर पुढें कधीं विकावयाचें झालें तर हा कागद मागितला जातोच.

कंत्राटदार आला तेव्हां त्याचें पहिलें म्हणणें असें कीं पडदा आधींपासूनच फुटका होता, आणि खांब तरी कोठें धड होता! यावर तोंडी वाद घालून कांहींच निष्पन्न झालें नसतें. सूनबाईंनीं मुलाच्या बारशाचीं चित्रें काढलीं. बारसें त्याच खोलींत झालें होतें. फुलांच्या माळांनीं सजविलेला पाळणा, त्यामागें तोच खांब, कागद लावलेला, सरळ, कोठें तडा नाहीं. आणि खालीं तारीख. कंत्राटदारानें तें चित्र दोनदां मोठें करून पाहिलें व मग तो विम्याविषयीं बोलूं लागला.

तेथील ग्राहक-हक्कांचा २०१५ चा कायदा यजमानांनीं दोन रात्रींत वाचून काढला. त्याप्रमाणें पैसे घेऊन काम करणारानें तें वाजवी काळजीनें व कौशल्यानें केलें पाहिजे. न केल्यास तें पुन्हां नीट करून मागण्याचा आणि तें न जमल्यास किंमत कमी करून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयांत वकिलावांचून चालवितां येतो, आणि करारभंगाच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे. हें सारें त्यांनीं एका पत्रांत घातलें. पत्रांत एकही विशेषण नव्हतें. दोष कोणते, पुरावा कोणता, काय अपेक्षित आहे व उत्तरासाठीं चौदा दिवस, इतकेंच. शेवटचा हप्ता द्यावयाचा राहिला होता तो तसाच राहूं दिला.

याच वेळीं घरांत आमचा मतभेद झाला. यजमानांचें मत, कायदा त्याला दुरुस्तीची संधि देतो तर त्यालाच करूं द्यावें. नाहींतर उद्यां तो म्हणेल कीं मला अवसरच दिला नाहीं. माझें मत निराळें होतें व आहे. भांडें फुटलें तर कासाराकडून बदलून घ्यावें. पण ज्याला भिंतीचें काम काय हेंच समजलें नाहीं, आणि समजल्यावर ज्यानें भोंकावर रंग दिला, त्याच्या हातीं तीच भिंत दुसऱ्यानें कां द्यावी? पहिली चूक अज्ञानाची म्हणून मी सोडीन. रंग दिला तें अज्ञान नव्हे. अखेर तोड निघाली ती अशी कीं वरचा भार तोलणारी पोलादी तुळई अभियंत्यानें निवडलेल्या दुसऱ्या माणसांनीं बसवावी, बाईंच्या नळीचें व शेगडीचें काम गॅसच्या अधिकृत नोंदणींतील माणसानेंच करावें, आणि खर्च कंत्राटदाराच्या विम्यानें द्यावा. राडारोडा उचलणें व गिलावा एवढें मूळ कंत्राटदाराकडे राहिलें. त्यानें तें चांगलें केलें, हेंही लिहिलें पाहिजे.

परंतु या प्रकरणांत एक जागा अशी होती कीं जेथें आमचीही बाजू लंगडी पडत होती. सामाईक भिंतीच्या कामासंबंधीं इंग्लंडांत १९९६ चा कायदा आहे. अशा भिंतीला टेकलेला खांब काढण्यापूर्वीं निदान दोन महिने शेजाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, कंत्राटदाराची नव्हे. कंत्राटदारानें 'पाहूं' म्हणून लिहून दिलें तरी शेजारच्या बाईंना चिरंजीवांनींच उत्तर द्यावयाचें होतें. यजमानांनीं त्यांना हें स्पष्ट सांगितलें. चिरंजीव त्या संध्याकाळीं एकटेच बाईंकडे गेले व तासाभरानें परत आले. तेथें काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं.

शेगडी बंद असेपर्यंत बाई दिवसां आमच्या स्वयंपाकघरांत येऊन बसत. त्यांचें बालपण लंडनांत गेलेलें. १९५२ च्या त्या धुक्यांत शाळेंतून घरीं येतांना भिंतीला हात लावीत चालावें लागे व स्वतःचीं पावलें दिसत नसत, अशी आठवण त्यांनीं सांगितली. मीं त्यांना आमच्या वाईच्या चुलीचें व आजीच्या डोळ्यांचें सांगितलें. त्यांना मुगाच्या डाळीची खिचडी आवडली. मिरची मात्र वेगळी ठेवावी लागे. आपण मरणाच्या किती जवळ होतों याचा उच्चार त्यांनीं एकदांही केला नाहीं. फक्त पहिल्या दिवशीं पाळण्याशीं उभ्या राहून, "मी शेगडी रात्रभर ठेवणार होतें," एवढें त्या म्हणाल्या.

नळी मोकळी केली तेव्हां तींतून नऊ पोतीं विटा, चुना व काजळी निघाली. मग तींत वरपासून खालपर्यंत गंजरोधक पोलादाची लवचीक नळी सोडली. छपरावरच्या मनोऱ्याच्या सांध्यांत पूर्वीं केव्हां तरी कोणी सिमेंट भरलें होतें, तेंही गवंड्यानें खरवडून पुन्हां चुना भरला. जुन्या मऊ विटांना सिमेंट सोसत नाहीं. आंतलें पाणी अडतें, तें थंडींत गोठतें आणि विटेचें तोंड फुटतें, असें त्यानें समजावून सांगितलें. न वापरांतल्या नळ्यांनाही वर जाळीची टोपी व खालीं हवेला एक लहान झरोका ठेवविला. दोन्ही टोंकें बंद केलीं तर आंत ओल धरते आणि जुन्या काजळींतले क्षार भिंतीवर तपकिरी डाग उठवितात. ही गोष्ट पहिल्या कंत्राटदारानें आणखी दोन खोल्यांत करून ठेवलीच होती. त्या डागांचा खर्च विमेवाल्यानें नाकारला. त्याविषयीं पत्रव्यवहार आम्हीं निघेपर्यंत चालू होता.

फेब्रुवारींत शेवटची परीक्षा झाली. बाईंच्या शेगडीच्या जागीं धूर करणारी एक वडी पेटविली. चिरंजीव आमच्या माडीवरच्या खोलींत विजेरी घेऊन भिंतीच्या कडा पाहत होते, सूनबाई माळ्यावर, मी बाईंजवळ, आणि यजमान रस्त्याच्या पलीकडे मान वर करून. खोलींत धूर आला नाहीं, माळ्यावर आला नाहीं. मग खिडकींतून ह्यांचा हात दिसला. त्यांनीं तीन बोटें दाखविलीं. आठांपैकीं तिसऱ्या नळकांड्यांतून पांढरा धूर सरळ वर चालला होता.

नोंदणीकृत माणसानें चिठ्ठी काढून बाईंची शेगडी पेटवून दिली. आमच्या खोलीला नवा रंग लागला, कपाटही आलें. पाळणा मात्र आम्ही परत निघालों तेव्हां सूनबाईंच्याच खोलींत होता, आणि तो कधीं हलवावयाचा हें त्यांना कोणी विचारलें नाहीं.